दोनशेची सवलत

पावतीरावांना बँकेतल्या बाईंनी सांगितलेला आकडा ऐकू आला नाही असं नाही. ऐकू आला, पटला नाही. म्हणून त्यांनी तो पुन्हा विचारला. बाईंनी पुन्हा सांगितला. आकडा तोच राहिला.

"अठराशे पन्नास," पावतीराव म्हणाले. "एक बटण दाबायचे."

"बटण आमचं आहे ना काका," बाई म्हणाल्या.

पावतीराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण चार मजल्यांच्या त्या इमारतीत त्यांना दुसऱ्या नावाने हाक मारली असती तर त्यांनी मागे वळून पाहिलं नसतं. चौतीस वर्षं बाटल्यांच्या कारखान्यात माल रवाना करायच्या टेबलावर काढलेली. घरी पंख्याची पावती आहे, तो पंखा गेल्याला अकरा वर्षं झाली. लग्नातल्या सनईवाल्याचीही आहे. ती बायकोने एकदा फाडायला काढली होती, तेव्हा पावतीराव म्हणाले होते, "असू दे, कधी वाद निघाला तर?" वाद कोणाशी निघणार होता, सनईवाल्याशी की बायकोशी, हे त्यांनी उघड केलं नाही.

तर गोष्ट अशी होती. आई गेल्यावर तिचं घर विकलं, आणि तिने लिहून ठेवल्याप्रमाणे निम्मे पैसे पावतीरावांचे, निम्मे धाकट्या बहिणीचे. धाकटी, म्हणजे चिमी, वय वर्षं एकसष्ट, तीस वर्षांपासून परदेशात. तिथे एका अरुंद रस्त्यावर तिचं कपडे दुरुस्तीचं दुकान. कोणाची पँट आखूड कर, कोणाचा कोट सैल कर, असं. गाळा भाड्याचा. त्या सोमवारी तिचा फोन आला. मागे शिवणयंत्राची टकटक चालूच होती, कारण चिमी फोनवर बोलताना यंत्र थांबवत नसे. 

"दादा, मालक गाळा विकतोय. आधी मला विचारलंय, भला माणूस आहे. पण अठरा दिवस दिलेत. म्हणजे तिसऱ्या आठवड्यातल्या शुक्रवारी चार वाजेपर्यंत. तोवर माझ्या वाट्याचे पैसे माझ्या खात्यात दिसले तर गाळा माझा. नाहीतर समोरचा फोनदुरुस्तीवाला रोख घेऊन उभाच आहे."

"अठरा दिवस," पावतीराव म्हणाले. "अगं, अठरा दिवसांत आम्ही बाटल्यांचे सहा ट्रक काढायचो."

"ट्रक नको दादा, पैसे पाठव. खिडकी उत्तरेला आहे रे याची. दिवसभर दिवा न लावता सुईत दोरा ओवता येतो. या वयात असा गाळा पुन्हा मिळायचा नाही मला."

"तुझा एक पैसाही कमी होऊ देणार नाही," पावतीराव म्हणाले.

हे वाक्य त्यांनी मनापासून उच्चारलं, आणि पुढचं सगळं या वाक्यापासून झालं. लहानपणी दोघांत एक पेन्सिल आली, तेव्हा पावतीरावांनी ती फूटपट्टीने मोजून मधोमध कापली होती. मग लक्षात आलं की रबराचं टोक एकाच तुकड्याला आहे. तेव्हा त्यांनी रबरही कापलं. त्यानंतर दोघांपैकी कोणालाच काही खोडता आलं नाही, पण अन्याय झाला नाही.

तर बँकेतल्या बाई. त्यांनी फार चांगलं समजावलं, हे इथे नोंदवून ठेवायला हवं, कारण नंतर पावतीरावांनी इमारतीत वेगळंच सांगितलं.

"हे बघा काका, वायरचं, म्हणजे परदेशी खात्यात थेट पैसे पाठवायचं, शुल्क एका खेपेचं असतं. दोन हजार पाठवा की आठ लाख, अठराशे पन्नासच. म्हणून भाचीला खाऊला पैसे पाठवायचे असले तर मी तुम्हाला सांगेन, वायर करू नका, दुसरे स्वस्त रस्ते आहेत, चार दिवस उशिरा पोचले तरी काय बिघडतं. पण रक्कम मोठी आहे, तारीख ठरलेली आहे, चुकली तर नुकसान आहे, तेव्हा वायरच. एका खेपेत. आणि इथे तीन चौकोन आहेत. पहिल्यात खूण केलीत की सगळा खर्च तुमचा, वरचे नऊशे जास्त, पण तिकडे पूर्ण रक्कम पोचते. दुसऱ्यात खर्च दोघांत विभागून. तिसऱ्यात सगळा घेणाऱ्याचा. तुम्ही पहिला करा."

"म्हणजे सत्तावीसशे पन्नास."

"आठ लाख चाळीस हजारांवर. शंभराला तेहेतीस पैसेसुद्धा नाहीत. खरा फरक तर भावात असतो. पेपरात चलनाचा जो भाव छापतात आणि बँक जो देते, त्यात एखादा टक्का इकडे-तिकडे. शुल्काची पावती मिळते, त्याची मिळत नाही."

बाईंनी हे सांगायला नको होतं. जिची पावती मिळत नाही अशी एक वजावट जगात आहे, हे पावतीरावांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. ते अर्ज घेऊन घरी आले, न भरता.

बायको म्हणाली, "पाठवले?"

"विचार करतोय."

"पैसे तिचे. खर्च किरकोळच्या डब्यातून जायचाय. तुमच्या खिशातलं काही जात नाही. मग विचार कशाचा?"

किरकोळचा डबा म्हणजे घराच्या विक्रीतून दोघा भावंडांच्या नावाने बाजूला ठेवलेली थोडी रक्कम, कागदपत्रांच्या खर्चासाठी. खरं तर बायकोचा प्रश्न बिनतोड होता. पण माणूस स्वतःचे पैसे वाचवतो तेव्हा लोक त्याला कंजूष म्हणतात. दुसऱ्याचे वाचवतो तेव्हा तो विश्वस्त होतो. पावतीरावांच्या अंगात त्या आठवड्यात विश्वस्त संचारला होता.

खालच्या मजल्यावर दातांचे डॉक्टर राहत. त्यांचा दवाखानाही तिथेच. त्यांनी भावाचा विषय ऐकला आणि रुग्णाचं तोंड उघडं ठेवून जिन्यात येऊन सांगितलं, "घाई करू नका, पावतीराव. भाव नेहमी गुरुवारी चांगला असतो. माझा अनुभव आहे." कशाचा अनुभव, हे विचारायचं राहून गेलं, कारण आतून रुग्णाने आवाज काढला.

पावतीरावांनी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आलेख काढायला घेतला. मंगळवारी भाव उतरला. बुधवारी उतरला. गुरुवारी, डॉक्टरांचा मान राखून, आणखी उतरला. शुक्रवारी चढला, शनिवारी चढला, आणि सोमवारी सकाळी बरोबर तिथे येऊन बसला जिथे मागच्या सोमवारी होता. आलेख सुंदर आला होता. एखाद्या उथळ बशीसारखा. त्या बशीत एक आठवडा गेला.

मग वरच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर चहाला आले. त्यांनी आलेख पाहिला आणि मान हलवली. "भावाचं सोडा. मला सांगा, त्या रस्त्याने तुमचं काही कधी गेलंय का? नाही ना? आणि आठ लाख एकदम सोडून देताय? मी चाळीस वर्षं टपाल हाताळलंय. मी सांगतो, न पाहिलेल्या रस्त्यावर माणूस आधी पोस्टकार्ड टाकतो."

पावतीरावांचा चेहरा उजळला. हे त्यांना आपलं आपणच सुचायला हवं होतं. कारखान्यात नवीन गिऱ्हाईक आलं की ते आधी बारा बाटल्यांचा एक खोका पाठवत. नमुन्याचा खोका. तो न फुटता पोचला की मगच मोठा माल. चौतीस वर्षांत त्यांच्या सहीने निघालेला एकही ट्रक फुटून परत आला नव्हता, आणि निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी हे भाषणात सांगितलं होतं. भाषणाची पावती नसते, नाहीतर तीही फायलीत असती.

"पैसा म्हणजे तरी काय," पावतीराव म्हणाले, "काचेचाच माल."

बायको आतून म्हणाली, "काच फुटते तेव्हा निदान आवाज येतो."

त्याच सोमवारी दुपारी त्यांनी बँकेत किरकोळच्या डब्यातल्या दोन हजारांचा नमुना भरला. बाईंनी अर्ज पाहिला, मग त्यांच्याकडे पाहिलं.

"काका, दोन हजारांवर अठराशे पन्नास?"

"शेकडा साडेब्याण्णव," पावतीराव म्हणाले. हिशेब त्यांनी आधीच केलेला होता. "नमुन्यावर नफा काढत नाहीत, बाई."

"आणि चौकोन दुसरा का केलाय? दोघांत विभागून?"

"आईने सगळं निम्मंनिम्मं लिहून ठेवलंय."

बाईंनी मागे उभी असलेली रांग पाहिली आणि शिक्का मारला.

बुधवारी चिमीचा फोन आला. यंत्राची टकटक चालू होती.

"दादा, तू मला पैसे पाठवलेस?"

"पोचले का?"

"पोचले असावेत. कारण माझे कमी झालेत."

झालं असं होतं. दोन हजार निघाले. वाटेत एक मधली बँक होती, तिने आपल्या हिशेबातले चौदाशे कापून घेतले. उरलेले सहाशे चिमीच्या बँकेत पोचले. तिच्या बँकेने बाहेरून पैसे स्वीकारण्याचे साडेसातशे लावले. म्हणजे भावाने बहिणीला अठराशे पन्नास खर्चून दीडशेने गरीब केलं होतं. 

"अरे दादा, हसू येतंय मला," चिमी म्हणाली, आणि खरंच हसली. "पण आता मोठे पाठव हं. नऊ दिवस राहिलेत."

पावतीरावांना हसू आलं नाही. त्यांच्या सहीने निघालेला खोका फुटला होता. चौतीस वर्षांत पहिल्यांदा.

आता यावर शहाण्या माणसाने काय करावं? पहिल्या चौकोनात खूण करावी आणि मोठी रक्कम पाठवून मोकळं व्हावं. पण कारखान्याचा नियम वेगळा होता: नमुना फुटला तर कुठे फुटला, कोणी फोडला, याचा लेखी छडा लागेपर्यंत पुढचा माल दारातून हलवायचा नाही. गुरुवारी ते चौकशीचा अर्ज घेऊन बँकेत हजर झाले.

"चौकशीचे पाचशे पडतील," बाई म्हणाल्या. "आणि उत्तर मी तुम्हाला आत्ताच फुकट देते. मधल्या बँकेने घेतले."

"ही मधली कोण? आम्ही तिला बोलावलं नव्हतं."

"आमचं आणि तिकडच्या बँकेचं थेट खातं नाही. म्हणून मध्ये कोणीतरी लागतं. ते आपला हात ओला करून घेतात. म्हणून तर म्हटलं होतं ना, पहिला चौकोन?"

"लेखी द्या."

"काका, तारीख जवळ आली ना तुमची?"

"लेखी," पावतीराव म्हणाले, आणि पाचशे भरले. पावती घेतली.

लेखी उत्तर पुढच्या मंगळवारी आलं. अडीच ओळींचं. त्यात बाईंनी फुकट सांगितलेलंच होतं, फक्त खाली सही होती. पावतीरावांनी ते तीनदा वाचलं. एव्हाना किरकोळच्या डब्यातून चार हजार तीनशे पन्नास गेले होते, आणि चिमीच्या खात्यात त्याबद्दल वजा दीडशे जमा होते. 

"आता तरी?" बायको म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता, आणि म्हणून पावतीरावांना तो जास्त लागला. "शुक्रवार तीन दिवसांवर आलाय. मला घेऊन चला बँकेत. मी सही करते, मी खूण करते, तुम्ही बाहेर बाकावर बसा."

"उद्या जातो. एकटा."

बुधवारी ते गेले. साडेबारालाच गेले. हेही नोंदवून ठेवायला हवं, कारण उशीर पावतीरावांनी कधीच केला नाही. ते वेळेवर गेले आणि तिथे बसून उशीर झाला.

बाईंनी अर्ज स्वतः भरून घेतला. आठ लाख चाळीस हजार. पहिल्या चौकोनात खूण. खातं नंबर दोनदा मोठ्याने वाचून दाखवला. "दोनच्या आत निघाले की शुक्रवारी सकाळी तिकडे दिसतील. दोननंतर आमचं यंत्र त्या दिवसाचं बंद होतं. पण आपल्याला वेळ आहे भरपूर. एक वाजतोय." त्या कळफलकावर बोट ठेवणार, इतक्यात पावतीरावांची नजर त्यांच्या मागे, कुंडीतल्या झाडाआड लावलेल्या कागदावर गेली.

झाडाची पानं मोठी होती. पावतीराव किंचित डावीकडे झुकले. मग वाचलं: पासष्ट वर्षांवरील खातेदारांना सेवाशुल्कात दोनशेची सवलत, शाखाधिकाऱ्यांच्या संमतीने.

"हे काय?"

बाईंनी मागे वळून पाहिलं. "ते होय. जुनं आहे बहुतेक. साहेबांची सही लागते त्याला."

"मी अडुसष्ट आहे."

"काका, मी आत्ता पाठवते. सवलतीचा अर्ज मागाहून देऊ. मिळतील परत."

"माल गेल्यावर कोण कोणाला परत देतं, बाई?" पावतीराव म्हणाले. चौतीस वर्षांत त्यांनी स्वतः कोणाला दिलं नव्हतं, हे त्यामागचं शास्त्र. "आणि पैसे माझ्या एकट्याचे नाहीत. बहिणीचे आहेत निम्मे. तिचे शंभर मी कसे सोडू?"

साहेब वरच्या मजल्यावर होते. सव्वा वाजता ते फोनवर होते. एक पंचवीसला ते अजून फोनवर होते, आणि काचेतून त्यांनी पावतीरावांना एक बोट दाखवलं. एक बोट म्हणजे एक मिनिट. दीडला त्यांनी पुन्हा तेच बोट दाखवलं. एक पस्तीसला बाई स्वतः जिना चढून आल्या. "काका, पंचवीस मिनिटं आहेत. चला ना खाली."

"झालंच आता."

एक चाळीसला साहेबांचा फोन संपला. त्यांनी अर्ज वाचला, पावतीरावांचं वय मोजलं, जन्मतारखेचा पुरावा मागितला. पावतीरावांकडे तो होता; त्यांच्याकडे सगळ्याचाच असतो. पण कोणत्या पाकिटात, ते पाहायला पाच मिनिटं गेली. एक पन्नासला साहेबांनी सही केली. मग म्हणाले, यावर शिक्का लागेल, शिक्का कपाटात आहे, आणि कपाटाची किल्ली जेवायला गेलीय. म्हणजे किल्ली ज्यांच्याकडे असते ते. ते हात पुसत वर आले. शिक्का बसला. शाई ओली होती, म्हणून पावतीरावांनी कागदावर फुंकर घातली आणि तो जपून, दोन्ही हातांत आडवा धरून, जिना उतरले.

खाली भिंतीवरचं घड्याळ दोन वाजून तीन मिनिटं दाखवत होतं.

बाईंनी कागद घेतला नाही. त्या पडद्याकडे बघत होत्या. पडद्यावर काहीतरी राखाडी झालं होतं.

"तीन मिनिटं," पावतीराव म्हणाले.

"यंत्राला नाही कळत, काका."

"मग आता?"

"उद्या सकाळी पहिले तुमचेच पाठवते. पण मग ते शुक्रवारी संध्याकाळी पोचतील, नाहीतर..." त्यांनी टेबलावरचं कॅलेंडर त्यांच्याकडे वळवलं. शनिवार, रविवार लाल होते. "सोमवारी."

पावतीरावांनी खिशातून पाकीट काढलं. "बाई, घाईचं काही वेगळं शुल्क असतं का? लावा. पाच हजार लावा. दहा लावा."

अडुसष्ट वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मागितल्यापेक्षा जास्त द्यायची तयारी दाखवली होती, आणि घ्यायला कोणी नव्हतं.

"बसा थोडं," बाई म्हणाल्या, आणि पाण्याचा ग्लास पुढे केला. दोन हजारांचा अर्ज पाहिला तेव्हा त्या ज्या नजरेने बघत होत्या, ती नजर आता नव्हती. त्याने पावतीरावांना जास्तच वाईट वाटलं. 

पैसे गुरुवारी सकाळी निघाले. शुक्रवारी पावतीराव सकाळपासून फोनजवळ बसून होते. पोस्टमास्तर वरून येऊन जरा बसले आणि चहा न घेताच गेले. डॉक्टरांनी त्या दिवशी दवाखान्याचं दार लावून ठेवलं. चारला फोन वाजला नाही. साडेपाचला वाजला.

"मालक साडेचारपर्यंत थांबला होता दादा," चिमी म्हणाली. "खरंच भला माणूस. मी म्हटलं सोमवारी येतील. तो म्हणाला, समोरच्याला शब्द दिलाय, त्याचे तर टेबलावर आहेत." यंत्राची टकटक चालूच होती, पण सावकाश. "जाऊ दे. महिनाभर राहू देणारेत मला. लोकांचे कपडे आहेत ना आत."

"चिमे, माझ्यामुळे..."

"तू जेवलास का?"

सोमवारी दुपारी पुन्हा फोन आला. "आले रे पैसे."

"किती?" पावतीरावांनी विचारलं. सवयीने विचारलं, आणि विचारल्यावर जीभ चावली.

"पूर्ण. तू म्हणाला होतास तसे. एक पैसाही कमी नाही."

ती हे टोचून बोलली नव्हती. तशी ती नव्हतीच. पावतीरावांनी तिच्या आवाजात टोचणी शोधली, बराच वेळ शोधली, कारण ती सापडली असती तर बरं वाटलं असतं.

त्यानंतर इमारतीत हा विषय निघाला की पावतीराव मधल्या बँकेला दोष देत. लोक मान डोलावत. बायको अशा वेळी उठून आत जाई. एकदा डॉक्टरांनी सहज विचारलं की मुलीच्या फीचे पैसे बाहेर पाठवायचेत, शेवटची तारीख आठवड्यावर आलीय, थोडा भाव पाहावा का. पावतीराव जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर थांबले. "डॉक्टर, आज पाठवा," ते म्हणाले. "पहिला चौकोन. मागतील ते द्या. आणि झाडाच्या मागे काही लिहिलेलं असेल तर वाचू नका." डॉक्टरांना शेवटचं वाक्य कळलं नाही. पावतीरावांनी ते समजावलं नाही.

दोन महिन्यांनी बँकेचं पाकीट आलं. साहेबांच्या सहीचा, शिक्क्याचा तो कागद बाईंनी जपून ठेवला होता आणि पाठपुरावा करून सवलत मंजूर करून घेतली होती. दोनशे जमा. सोबत पावती.

पावतीरावांनी फाइल काढली, उघडली आणि पावती हातात धरून बसून राहिले. ती कुठे लावायची हे त्यांना ठरवता येईना. शेवटी त्यांनी फोन लावला.

चिमीने उचलला. मागे यंत्र चालू होतं. आता ते तिच्या स्वयंपाकघरात, भिंतीकडे तोंड करून होतं. दिवसाही दिवा लावावा लागतो, हे तिने एकदा बोलता बोलता सांगितलं होतं आणि लगेच दुसरं काहीतरी बोलली होती.

"चिमे, एक सांगायचं होतं. ती सवलत मिळाली. दोनशे. खर्च सामाईक डब्यातला होता, म्हणजे त्यात शंभर तुझे आहेत."

यंत्र थांबलं.

इतक्या वर्षांत ते कधी थांबलं नव्हतं. आई गेल्याचं सांगितलं तेव्हाही टाक्यांचा आवाज येत राहिला होता. पावतीरावांनी फोन कानाला घट्ट धरला.

"दादा," चिमी म्हणाली, "ते राहू दे तुझ्याकडे. पाठवू नकोस."

थोड्या वेळाने यंत्र पुन्हा सुरू झालं.